द्राक्षे कंटेनरमध्ये, पैसे कागदांत

फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या सुपरमार्केटात गेलात तर बिनबियांच्या पांढऱ्या द्राक्षांचा डबा हातात घेऊन त्यावरची चिठ्ठी जरूर वाचा. 'हेर्कोम्स्ट', म्हणजे मूळ देश, या शब्दापुढे पुष्कळदा 'इंडिया' असे लिहिलेले सापडते. दक्षिण आफ्रिकेचा हंगाम सरत आलेला असतो, इजिप्तचा अजून सुरू व्हायचा असतो, चिलीची स्पर्धा असतेच. पण मधल्या त्या काही आठवड्यांच्या खिंडीतून नाशिक-सांगलीची द्राक्षे युरोपात शिरतात. युरोपात भारतीय द्राक्षांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले हे नेदरलँड्स. रॉटरडॅमला उतरलेला माल इथे थोडा खपतो आणि बराचसा जर्मनीकडे व इतर देशांकडे जातो.

हा विषय घेण्याचे कारण असे, की आपल्या मंडळातल्या गप्पांत दरवर्षी कुणीतरी 'आपणच का आणू नये?' असा प्रश्न काढतो. कुणाला हापूस आणायचा असतो, कुणाला शेंगदाणे आणि मसाले, कुणाच्या गावाकडे सख्ख्या नात्यातली द्राक्षबाग असते. मग दोन शंका निघतात. पहिली, माल चांगला येईल ना? दुसरी, पैसे बुडणार नाहीत ना? पहिलीचे उत्तर शोधायला लोक प्रयोगशाळेकडे जातात आणि दुसरीचे शोधायला बँकेकडे. या दोन वेगळ्या शंका नाहीत, एकाच जोखमीच्या दोन बाजू आहेत, आणि त्या वेगळ्या मानल्या की घात होतो, हे या लेखात सांगायचे आहे.

मी काही व्यापारी नव्हे. डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आणि पोट सॉफ्टवेअरवर. पण गेली काही वर्षे बंदराजवळच्या शीतगृहांसाठी मालाचा माग ठेवणारी संगणकप्रणाली लिहिण्याचे काम करतो. कुठला कंटेनर कधी आला, किती तापमानाला राहिला, कुणी अडवला, हे पडद्यावर रोज समोर येते. त्यातून जे समजले ते मांडतो.

द्राक्षाचा प्रवास

द्राक्ष हे निर्यातीच्या दृष्टीने फार अवघड फळ. आंबा, केळी झाडावरून काढल्यावर पिकतात. द्राक्ष तोडले की त्याची गोडी वाढत नाही. जे काही चांगले व्हायचे ते वेलीवरच. तोडल्यानंतर फक्त बिघडणे शिल्लक राहते, आणि आपण ते लांबवू शकतो इतकेच.

१९९१ साली महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी राहिली, तेव्हा हा धडा सुरुवातीलाच मिळाला. युरोपात पाठवलेला माल इथे पोचेपर्यंत खराब होई आणि नाकारला जाई. मग तोडणीनंतर काही तासांत फळातली उष्णता काढून घेणारी प्रीकूलिंगची सोय, शीतगृहे, आणि पेटीत ठेवायचे सल्फरचे कागद आले. या कागदातून गंधकाचा वायू हळूहळू सुटत राहतो आणि बुरशीला अटकाव करतो. जास्त सुटला तर मण्यांवर पांढरे डाग पडतात, कमी सुटला तर बुरशी येते. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला कंटेनर न्हावाशेवाहून सुएझमार्गे तीन-चार आठवड्यांत रॉटरडॅमला पोचावा असे सगळे गणित बसवलेले असते. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४च्या हंगामात जहाजे आफ्रिकेला वळसा घालून आली, तेव्हा या गणितात दहा-पंधरा दिवसांची भर पडली. वेलीवरून तोडलेल्या फळाला दहा दिवस म्हणजे अर्धे आयुष्य.

हे सगळे दोष डोळ्यांनी दिसणारे. देठ वाळला, मणी गळले, बुरशी आली, तर पेटी उघडताच कळते. खरा पेच डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषांचा आहे.

२०१० चा हंगाम

२००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि युरोपभर इशारा गेला. भारताने त्यातून चांगला धडा घेतला. केंद्र सरकारच्या 'अपेडा' या संस्थेने अवशेष तपासणीची योजना आखली. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. २००६ मध्ये 'ग्रेपनेट' सुरू झाले. त्यात निर्यातीसाठीच्या बागेची प्लॉटवार नोंदणी होते, तोडणीआधी प्रयोगशाळा नमुना घेते, नापास प्लॉटचा माल निर्यातीला अडवला जातो, आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत मागे जाता येते. माझ्या व्यवसायाच्या नजरेने बघितले तर ही उत्तम रचना आहे, आणि शेतमालासाठी इतक्या मोठ्या प्रमाणावर भारतात ती पहिल्यांदाच झाली.

आणि तरीही २०१० साली अनर्थ झाला. त्या हंगामात रॉटरडॅमला आणि पुढे जर्मनीत भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. बागायतदार त्याला 'सीसीसी' म्हणतात. 'लिहोसिन' या नावानेही ते ओळखीचे आहे. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. बंदरात आणि शीतगृहांत शेकडो कंटेनर अडकले, सुपरमार्केटांनी मागण्या रद्द केल्या, भाव कोसळले. निर्यातदारांचे बँकांचे हप्ते थकले आणि अनेक बागायतदारांचे पैसे अडकले.

आता गंमत बघा, आणि ही गंमत फार महाग पडली. या मालाजवळ प्रयोगशाळेचा 'पास' असा दाखला होता, आणि तो दाखला खोटा नव्हता. तपासणीच्या यादीत तेव्हा ९८ रसायने होती. क्लोरमेक्वाट त्या यादीत नव्हते.

ते का नव्हते, हेही समजून घेण्यासारखे आहे. क्लोरमेक्वाट हे कीटकनाशक नाही, वाढनियंत्रक आहे. वेलीची नुसती शेंडेवाढ थांबावी आणि काडीत घडनिर्मिती नीट व्हावी म्हणून ते एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वापरत. फळछाटणी त्यानंतर ऑक्टोबरच्या सुमारास, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. एप्रिलमध्ये मारलेल्या औषधाचा पुढच्या फेब्रुवारीच्या घडाशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण हे रसायन वेलीच्या लाकडात साठून राहते आणि पुढच्या फळात उतरते. शिवाय प्रयोगशाळेची शेकडो रसायने एकदम शोधणारी जी नेहमीची पद्धत आहे, तिला ते दिसतच नाही. त्याचा रासायनिक स्वभाव असा, की नमुना तयार करतानाच ते बाहेर पडते. त्यासाठी वेगळी पद्धत, वेगळा खर्च. म्हणजे मुद्दाम शोधल्याशिवाय ते सापडायचे नाही.

यादीबाहेरचे

एड्स्गर डाइक्स्ट्रा हे नाव आमच्या क्षेत्रात सर्वांना माहीत असते. हे थोर संगणकशास्त्रज्ञ १९३० साली रॉटरडॅममध्येच जन्मले. चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे सिद्ध करता येत नाही, असे ते बजावून सांगत. प्रोग्रॅमचे जे खरे, तेच द्राक्षाचेही. 'पास' याचा अर्थ 'या यादीतले, या पद्धतीने, या नमुन्यात काही सापडले नाही' इतकाच. त्या वाक्यातले यादी, पद्धत आणि नमुना हे तिन्ही शब्द गाळून आपण 'माल चांगला आहे' असे वाचतो.

मर्यादा किती बारीक आहे तेही बघू. एका मोठ्या कंटेनरात तेरा टनांच्या आसपास द्राक्षे मावतात. १३,००० किलोला ०.०५ मिलिग्रॅमने गुणले तर ६५० मिलिग्रॅम येतात. अख्ख्या कंटेनरात मिळून चिमूटभर मिठापेक्षा फार जास्त नाही. युरोपियन संघाचा ३९६/२००५ हा कायदा सप्टेंबर २००८ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यात ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. म्हणजे कंटेनरला १३० मिलिग्रॅम.

मर्यादा ओलांडली म्हणजे फळ विषारी झाले, असा अर्थ मात्र नाही. ही मर्यादा बहुतेक वेळा 'योग्य शेती केल्यास इतकाच अवशेष राहावा' या हिशोबाने ठरते. ज्या पिकावर एखादे रसायन वापरायचेच नाही असे युरोप मानतो, तिथे मर्यादा मोजमापाच्या तळाशी नेऊन ठेवतात. द्राक्षावरचे क्लोरमेक्वाट तसे होते. गव्हासारख्या धान्यांवर याच रसायनाला युरोपात परवानगी आहे आणि तिथली मर्यादा कितीतरी सैल आहे.

इथला नाशपातीचा दाखलाही सांगतो. डच आणि बेल्जियन बागांत नाशपातीवर पूर्वी क्लोरमेक्वाट वापरत. वापर थांबला तरी झाडाच्या लाकडात साठलेले रसायन वर्षानुवर्षे फळात उतरत राहिले. तेव्हा युरोपने नाशपातीसाठी तात्पुरती, टप्प्याटप्प्याने खाली येणारी मर्यादा ठरवली आणि बागायतदारांना वेळ दिला. नाशिकच्या वेलीचा प्रश्न अगदी हाच होता, पण तिला अशी मुदत मिळाली नाही. यात कुणाचा दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. नियम ठरतो त्या टेबलाशी जो बसलेला असतो, त्याची अडचण नियमात शिरते. निफाडचा बागायतदार ब्रसेल्सच्या टेबलाशी नव्हता.

या कायद्याच्या वर आणखी एक कायदा आहे, तो दुकानदारांचा. काही मोठ्या साखळ्या, विशेषतः जर्मन, सरकारी मर्यादेच्या एक तृतीयांशच अवशेष चालवून घेतात, आणि एका फळात एकूण किती रसायने सापडावीत याचाही आकडा ठरवून देतात. त्यामुळे कायद्याने निर्दोष असलेला माल करारात दोषी ठरू शकतो. कुठल्या दुकानात माल जाणार हे माहीत नसेल तर कुठल्या मोजपट्टीने मोजायचे तेच माहीत नसते.

पैशाचा प्रवास

आता दुसरी बाजू. 'विश्वास तर पानिपतातच गेला' असे आपण थट्टेने म्हणतो, पण व्यापार विश्वासाशिवाय चालत नाही. प्रश्न एवढाच, की किती काळ आणि कुणी कुणावर ठेवायचा. पैसे देण्याच्या पद्धती दिसतात पुष्कळ, पण त्या सगळ्या याच एका प्रश्नाची उत्तरे आहेत.

आगाऊ पैसे दिले तर सगळी जोखीम घेणाऱ्यावर. उधारीवर माल पाठवला तर सगळी विकणाऱ्यावर. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या जुन्या सावकारीतली हुंडी बसते. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताच पैसे, मुदती हुंडी म्हणजे ठरल्या दिवसांनी पैसे. आजही तेच चालते. विकणारा मालाची कागदपत्रे बँकेमार्फत पाठवतो. एका प्रकारात घेणाऱ्याने पैसे भरले की बँक त्याच्या हातात कागद देते. दुसऱ्या प्रकारात 'अमुक दिवसांनी देईन' अशी सही केली तरी देते. कागद म्हणजे मुख्यतः बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची पावती. तिची मूळ प्रत ज्याच्या हातात, त्याचा माल.

सर्वांत भक्कम समजली जाणारी पद्धत म्हणजे एल.सी., अर्थात पतपत्र. त्यात घेणाऱ्याची बँक स्वतः वचन देते, की ठरलेली कागदपत्रे बिनचूक आली तर मी पैसे देईन. याचे जगभर मान्य असलेले नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने केले असून सध्याची आवृत्ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिचे मूळ तत्त्व असे, की बँकेचा संबंध कागदांशी, मालाशी नाही. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात. द्राक्षे कुजली आहेत की मधासारखी गोड आहेत, हे ती बघत नाही आणि बघायचेही नाही.

म्हणजे ज्याला आपण सर्वांत सुरक्षित मानतो त्या पद्धतीत चांगले कागद आणि वाईट माल अशी जोडी बिनदिक्कत जाऊ शकते. २०१० च्या मालाला नेमके हे वर्णन लागू पडते. त्याचे सगळे कागद चोख होते. पतपत्रावर विकला असता तर इथल्या आयातदाराला पैसे द्यावेच लागले असते.

पण तो माल पतपत्रावर विकला गेलेलाच नव्हता. ताज्या फळांत पतपत्र फार कमी चालते. ते महाग पडते, आणि कागद बँकांतून फिरत असताना फळ वाट बघत नाही. युरोपातला द्राक्षांचा बराचसा व्यापार तेव्हा 'कन्साइनमेंट'वर, म्हणजे अडतीवर चाले. नारायणगावचा शेतकरी वाशीच्या अडत्याकडे टोमॅटो पाठवतो, तसाच हा प्रकार. माल विकणाऱ्याचाच राहतो. इथला आयातदार तो विकून देतो आणि भाडे, शीतगृह, पेट्या बदलण्याचा खर्च व कमिशन वजा करून उरलेले पाठवतो. कधी किमान भावाची हमी असते, पण तिला 'माल स्वीकारण्याजोगा असल्यास' असे शेपूट असते.

म्हणून २०१० साली जोखीम उतारावरून पाणी वाहावे तशी खाली आली. सुपरमार्केटने माल नाकारला. आयातदाराने निर्यातदाराला कळवले, की विक्री नाही, उलट साठवण आणि विल्हेवाटीचा खर्च तुमच्याकडे निघतो. निर्यातदाराने बागायतदाराला 'युरोपचे पैसे आले की देतो' असे सांगितलेले होते. तळाशी उभा होता तो, ज्याने वर्षभराची छाटणी, औषधे, मजुरी कर्जाने केली होती आणि ज्याच्या हातात यादीतल्या प्रत्येक रसायनात पास झाल्याचा खरा दाखला होता. ज्याने यादी केली नाही, ज्याला ती बदलता येत नव्हती, त्याच्यावर यादीतल्या उणिवेचा सगळा भार आला.

पुढच्या हंगामापासून तपासणीच्या यादीत क्लोरमेक्वाट आले. वरातीमागून घोडे, पण आले हे बरेच झाले.

इतर वाणसामान

हे द्राक्षापुरते आहे असे समजू नका. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे युरोपला कळवले. जंतू मारण्यासाठी हा वायू धान्य-मसाल्यांना देतात; युरोपात अन्नासाठी तो बंद आहे. तिळाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅमच, आणि काही नमुने तिच्या हजारपटीहून वर गेले होते. पुढे पाव, बिस्किटे, मसाल्यांची मिश्रणे असे असंख्य पदार्थ दुकानांतून परत बोलवावे लागले. इथे नुकसानाचे गणित बघा. पावावर चिमूटभर तीळ, पण परत आला तो अख्खा पाव, आणि खर्च मागितला गेला तीळ विकणाऱ्याकडे. मालाची किंमत बुडणे हा पैशाच्या जोखमीचा लहान भाग आहे. परत बोलावण्याचा खर्च मालाच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो.

शेंगदाण्यात अडचण नमुन्याची असते. बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन सगळ्या पोत्यात सारखे पसरलेले नसते, मोजक्याच दाण्यांत भरपूर असते. थेट खाण्याच्या शेंगदाण्याला युरोपची एकूण मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम. मूठभर दाणे तपासले तर बहुधा काहीच सापडणार नाही. म्हणून इथे मोठ्या खेपेतून शंभर ठिकाणचे दाणे उचलून २० किलोचा नमुना करतात, तो दळतात आणि मग तपासतात. भारतात अर्ध्या किलोच्या पुडीवर मिळालेला दाखला आणि रॉटरडॅमचा निकाल जुळला नाही तर कुणी लबाडी केली असेलच असे नाही. दोन वेगळ्या चाळण्यांतून दोन वेगळी उत्तरे आली.

हापूसचे तर सर्वांना आठवत असेल. फळमाशीच्या कारणाने युरोपियन संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला बंदी केली, म्हणजे ऐन हंगामात. निर्णय मार्चच्या अखेरीस झाला होता. २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली आणि आंब्याला उष्णतेची प्रक्रिया देऊन निर्यात पुन्हा सुरू झाली. पण त्या एका मे महिन्यात ज्यांनी बागा आगाऊ बांधून घेतल्या होत्या, त्यांच्या करारात 'नियमच बदलला तर काय' याचे उत्तर बहुधा नव्हते.

मग करायचे काय?

ज्यांना खरोखर काही आणायचे आहे त्यांच्यासाठी, मोठा कंटेनर असो वा चार पेट्या, काही गोष्टी सांगतो.

पहिली, कायद्यासमोर जबाबदार तुम्ही आहात. युरोपच्या १७८/२००२ या अन्नकायद्याने आयात करणारा हाच इथे उत्तरदायी असतो. माल कुणाकडून आला आणि कुणाला दिला, हे दोन्ही त्याला सांगता आले पाहिजे. दोष कळल्यावर माल परत बोलावणे आणि इथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेला, म्हणजे एन.व्ही.डब्ल्यू.ए.ला कळवणे हे त्याचे काम. 'आम्ही मंडळाच्या सभासदांसाठी आणले' हे उत्तर चालत नाही.

दुसरी, यादी खाणाऱ्याच्या गावाची हवी. पाठवणाऱ्याला 'तपासून पाठवा' असे सांगू नका. कुठली रसायने, कुठल्या पद्धतीने, किती मोठ्या नमुन्यावर, कुठल्या मर्यादेशी ताडून, हे करारात लिहा. त्याहून उपयोगी म्हणजे वर्षभरात बागेत किंवा कारखान्यात काय काय वापरले त्याची नोंद मागा. प्रयोगशाळा तुम्ही विचारलेलेच सांगते, फवारणीची वही न विचारलेलेही सांगते. २०१० साली एप्रिलची पाने कुणी उलटली असती तर उत्तर तिथेच होते.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: पैशाचा हप्ता तपासणीच्या टप्प्याला बांधा. सगळे आगाऊ नको आणि सगळे मागाहूनही नको. काही भाग तोडणीआधीचा निकाल आल्यावर, काही कंटेनर बंद होताना स्वतंत्र तपासनीसाचा दाखला मिळाल्यावर, उरलेला इथे उतरल्यावर ठराविक तासांत झालेल्या पाहणीनंतर. पतपत्र असेल तर त्या दाखल्यांची नावे त्याच्या कागदांच्या यादीत घाला. बँक माल बघत नाही, पण माल बघितल्याचा कागद मात्र बघते. दोन्ही बाजू अशा जोडल्या, की दोष लवकर शोधण्यात सर्वांचाच फायदा होतो. बागेत सापडलेल्या दोषाचे नुकसान एका प्लॉटचे, रॉटरडॅममध्ये सापडलेल्या दोषाचे सगळ्या साखळीचे. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला हे पहिल्या वर्षी शिकवतात.

चौथी, तक्रारीची वेळ ठरवा. ताज्या मालात आठवड्याने केलेल्या तक्रारीला अर्थ नाही. उतरल्यापासून एक-दोन दिवसांत दोघांना मान्य असलेला तपासनीस, छायाचित्रे, आणि कंटेनरात ठेवलेल्या तापमापकाची नोंद, इतके असले तर दोष बागेचा, जहाजाचा की इथल्या शीतगृहाचा याचा निवाडा होतो. हे नसेल तर 'माल खराब होता, भाव पडला' या वाक्याला पाठवणाऱ्याजवळ उत्तर नसते. अडतीच्या व्यवहारात सगळ्यांत जास्त मनस्ताप याच वाक्याने होतो.

पाचवी, विमा. भारतातल्या निर्यातदाराला ई.सी.जी.सी. या १९५७ पासूनच्या सरकारी कंपनीकडून पैसे बुडण्याविरुद्ध विमा मिळतो. पण घेणाऱ्याने मालाच्या दर्जावरून वाद घातला असेल तर असा विमा आपोआप मदतीला येत नाही. आधी वाद मिटावा लागतो. पुन्हा तेच, की पैशाच्या विम्याची किल्ली दर्जाच्या कागदात असते. इथल्या आयातदाराने माल परत बोलावण्याच्या खर्चाचा विमा वेगळा विचारावा.

फराळाच्या पेट्या आणणाऱ्यांसाठी एक तळटीप. २०१४च्या डिसेंबरपासून पाकिटावर १४ प्रकारचे ॲलर्जीकारक घटक ठळक दाखवणे बंधनकारक आहे, आणि आपल्या चिवड्या-लाडवांत गहू, शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध असे त्यातले निम्मे तरी निघतात. दुधाचे पेढे-बर्फी तर भारतातून प्रवासी सामानात किंवा पार्सलने आणायलाही मनाई आहे.

शेवटचा प्रश्न

एवढे सगळे केले तरी एक जोखीम उरतेच. उद्या यादीत नसलेले एखादे नवे रसायन सापडेल, किंवा हंगामाच्या मधेच नियम बदलेल. ती काढून टाकता येत नाही, फक्त कुणी उचलायची हे ठरवता येते. काहीच ठरवले नाही तर ती आपोआप सर्वांत दुबळ्या माणसाकडे जाते. कारण त्याच्याजवळ वकील नसतो, दुसरे गिऱ्हाईक नसते, आणि त्याचा माल समुद्रावर असतो.

आपण इथे राहणारी माणसे या साखळीत विचित्र जागी उभे आहोत. युरोपचे कायदे आपल्याला वाचता येतात, डच आयातदाराशी त्याच्या भाषेत बोलता येते, आणि गावाकडच्या चुलतभावाला 'अप्पा, एप्रिलमध्ये काय मारलं होतंस?' असे विचारताही येते. हे तिन्ही करू शकणारी माणसे फार नाहीत. म्हणून सभासदांपैकी कुणी आयातीत उतरणार असेल तर भाव ठरवण्याआधी एक कलम लिहून घ्यावे: दोघांचीही चूक नसताना माल अडला, तर नुकसान कुणाचे किती. निम्मे-निम्मे म्हणा, तिघांत वाटा, पण आकडा लिहा. आणि तो कागद बागायतदाराला मराठीत वाचून दाखवा.